सपोर्टवाला: सोप्यापर्यंत की माजघरापर्यंत?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला पाच मिनिटांचा स्क्रीन लॉक हवाच. त्यावर आलेली पत्रं बहुतेक एकाच फोनच्या दोन टोकांना बसलेल्या माणसांची निघाली. एका टोकाला ‘साहेब, पासवर्ड सांगा की’ म्हणणारा सपोर्टवाला. दुसऱ्या टोकाला रांग खोळंबलेली असताना दबक्या आवाजात तो पासवर्ड सांगणारा कारकून. मी तेवीस वर्षं सांगलीत पहिल्या टोकाला बसलोय, त्यामुळे उत्तरांत थोडा कबुलीजबाबही येईल.

प्रश्न: आमची नागरी पतसंस्था असून तीन शाखांत मिळून चौदा कॉम्प्युटर आहेत. ऑडिटरांच्या सूचनेनुसार जूनपासून पाच मिनिटांचा स्क्रीन लॉक, पाच चुकीच्या पासवर्डनंतर खाते बंद, दरमहा पासवर्ड बदल हे सर्व लागू केले आणि कर्मचाऱ्यांचे ॲडमिन अधिकारही काढून घेतले. तेव्हापासून पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीचा सपोर्टवाला हैराण आहे. तो एनीडेस्क या दुरून कॉम्प्युटर चालवायच्या ॲपवरून रिमोट घेतो, पण ॲडमिन पासवर्डची चौकट आली की त्याला काहीच दिसत नाही. मग तो फोनवर पासवर्ड विचारतो आणि काउंटरवरून तो सांगावा लागतो. रात्री डे-एंड (दिवसाचे हिशेब बंद करण्याची प्रक्रिया) चालू असताना मध्येच स्क्रीन लॉक पडतो, म्हणून एका क्लार्कला थांबवून ठेवावे लागते. सपोर्टवाल्याचे म्हणणे, ‘यूएसी (ॲडमिन पासवर्ड विचारणारी ती चौकट) बंद करा, लॉक काढा आणि मला कायमचा पासवर्ड देऊन ठेवा.’ ऑडिटर म्हणतात, मुळीच नाही. कोणाचे ऐकावे? — व्यवस्थापक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर: ऑडिटरांचं ऐका, पण त्या पोराची अडचणही खोटी नाही. हे सगळे नियम खुर्चीवर माणूस बसलाय असं धरून लिहिलेले आहेत. तो पुण्यात बसलाय.

आधी न दिसणाऱ्या चौकटीचं. विंडोज ॲडमिन पासवर्ड विचारतं तेव्हा मागचं सगळं अंधारतं, हे तुम्ही पाहिलं असेल. त्या क्षणी विंडोज एक वेगळाच पडदा पुढे आणतं. साध्या अधिकारांनी चालणाऱ्या प्रोग्रामला तो पडदा दिसत नाही आणि त्यावर क्लिकही करता येत नाही, म्हणजे एखाद्या व्हायरसला तुमच्या वतीने ‘येस’ दाबता येऊ नये. एनीडेस्कची फाइल डाउनलोड करून नुसती डबल-क्लिक केली, तर तेही असंच साध्या अधिकारात चालतं आणि त्या पडद्याबाहेर राहतं. यूएसी बंद केली की पोराची सोय होईल. व्हायरसचीही होईल.

त्यापेक्षा ॲडमिनने एनीडेस्क रीतसर इन्स्टॉल करावं. मग ते सर्व्हिस म्हणून, म्हणजे विंडोजच्या आतून वरच्या अधिकारांनी चालतं आणि ती चौकट पलीकडच्याला दिसते. त्यात पासवर्ड त्यानेच टाकावा, पण स्वतःच्या खात्याचा. त्याच्यासाठी विंडोजमध्ये वेगळं खातं काढा. ते एरवी बंद ठेवायचं, फोन आला की तुम्ही उघडायचं आणि काम झालं की पुन्हा बंद. खात्याला मुदत घालता येते, दिवसाचे तासही ठरवता येतात. फक्त एक लक्षात ठेवा: तास संपले की नवीन लॉगिन होत नाही, पण आत बसलेला माणूस त्यामुळे आपोआप उठत नाही. त्याला तुम्हीच उठवायचं.

आणि तो फोनवर सांगितलेला पासवर्ड आज बदला. काउंटरवर उच्चारलेला पासवर्ड म्हणजे एसटी स्टँडवरची अनाउन्समेंट.

आता डे-एंड. रिमोटवाला माउस हलवत असतो तोवर लॉक पडत नाही. प्रोसेस लावून तो चहाला उठला की पडतो. मग उघडायला पासवर्ड लागतो तो क्लार्कचा, कारण बसलाय क्लार्कच्या लॉगिनवर. खरं दुखणं हे आहे आणि ते स्क्रीन लॉकने फक्त उघडं पाडलं. तुमच्याकडे नोंद एकाने करायची आणि पास दुसऱ्याने करायची, असा मेकर-चेकरचा शिस्तीचा कारभार असेल. सपोर्टवाला क्लार्कच्या नावावर बसला की रात्री साडेनऊला झालेली प्रत्येक नोंद क्लार्कच्या नावावर पडते. उद्या काही निघालं तर चौकशीला क्लार्क उभा राहणार, आणि तो तर घरी जेवत होता.

जयसिंगपूरच्या एका ऑफिसात आम्ही यावर एक गावठी उपाय केला, तो सांगतो. अडगळीतला एक जुना कॉम्प्युटर पुसून घेतला, त्यात सॉफ्टवेअर टाकलं आणि वर ‘सपोर्ट’ अशी चिठ्ठी चिकटवली. त्यावर विंडोजचं लॉगिन सपोर्टवाल्याचं, सॉफ्टवेअरचं लॉगिनही त्याचंच, आणि त्या लॉगिनला खातेदारांच्या रकमा बदलायचा अधिकार नाही. लॉक तिथेही पाच मिनिटांचाच आहे, पण तो त्याचा त्यालाच उघडता येतो. त्या कॉम्प्युटरच्या विजेचं बटण मॅनेजरच्या टेबलाजवळच्या बोर्डावर. फोन आला की खट, काम झालं की खट. एवढं भक्कम सुरक्षा धोरण मी कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेलं नाही.

कायमचा पासवर्ड द्यायचाच तर अशा एका ‘सपोर्ट’ मशीनवर, चौदाही मशीनवर मात्र नको. २०२४च्या फेब्रुवारीत खुद्द एनीडेस्क कंपनीने जाहीर केलं की त्यांच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली होती, आणि ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगितले. तेव्हा बाकीच्या तेरा मशीनवर समोरच्या माणसाने ‘ॲक्सेप्ट’ दाबल्याशिवाय कोणी आत येणार नाही असं सेटिंग ठेवा.

आवक-जावक रजिस्टर तुमच्याकडे असेलच. तसंच एक रिमोटचं करा: तारीख, कोण आला, कशाला, कधी गेला. विंडोज स्वतःही लॉगिनची नोंद ठेवतं, पण त्या सिक्युरिटी लॉगचा आकार मुळात २० एमबी असतो आणि भरला की जुन्यावर नवं लिहिलं जातं. वर्दळीच्या मशीनवर तो बघता बघता भरतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशात लॉग १८० दिवस जपायला आणि सायबर घटना ६ तासांत कळवायला सांगितलंय. तेव्हा तो आकार वाढवून घ्या. ते दोन मिनिटांचं काम आहे.

एका मुद्द्यावर मात्र मी ऑडिटरांशी भांडेन. दरमहा पासवर्ड बदलायला लावलं की लोक ‘जून@१२३’नंतर ‘जुलै@१२३’ करतात आणि चिठ्ठी कीबोर्डखाली ठेवतात. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ साली हा ठरावीक मुदतीचा हट्ट सोडायला सांगितलं. मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये स्वतःच्या शिफारशींतून तो काढून टाकला. तुमच्या नियामकाच्या परिपत्रकात लिहिलं असेल तर मुकाट्याने बदलत राहा. नसेल तर ऑडिटरांना चहा पाजून हे सांगून बघा.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे. माझा भाचा बंगळुरूहून एनीडेस्क लावून माझा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. परवा बँकेच्या केवायसीसाठी म्हणून एकाचा फोन आला, त्यानेही एनीडेस्कच घ्यायला सांगितले. मी घेतले नाही, पण मनात आले, भाच्याला चालते मग याला का नको? — सातारा

उत्तर: बाई, फोन कोणी केला ते बघायचं. भाच्याला तुम्ही बोलावलंत, हा न बोलावता आला. रिझर्व्ह बँकेने २०१९च्या फेब्रुवारीतच बँकांना या ॲपच्या नावानिशी सावध केलं होतं. चोर फोनवर ते घ्यायला लावतात, त्यातला नऊ आकडी नंबर विचारतात, परवानग्या मिळवतात आणि मग मोबाइल त्यांच्या हातात. ॲप चोरांनी बनवलेलं नाही, हीच तर अडचण. तेच ॲप मी रोज दहा वेळा वापरतो.

भाच्याला सांगा, विंडोजमधलं ‘क्विक असिस्ट’ वापर. त्यात तो तुम्हाला एक कोड सांगेल. तो दहा मिनिटांत बाद होतो आणि खिडकी बंद केली की संबंध संपला. पुढच्या वेळी नवा कोड, म्हणजे भाच्यालाही दर वेळी दारावर टकटक करावी लागते. आणि कधी पैसे गेलेच तर आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर फिरवा, भाच्याला नंतर.

प्रश्न: मी पुण्याच्या कंपनीत आहे, काम चिपळूणहून घरून करतो. पासवर्ड विसरलो म्हणून हेल्पडेस्कने नवा दिला. लॅपटॉप तो घेईना. शेवटी जुना आठवला, तर तो घेतला! वर रोज सकाळी नऊच्या सुमारास खाते लॉक होते. हेल्पडेस्क उघडून देते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिकडचा मुलगा आता माझा आवाज ओळखतो आणि काही न विचारताच रीसेट करून देतो.

उत्तर: नवा पासवर्ड पुण्याच्या सर्व्हरला ठाऊक आहे, चिपळुणातल्या लॅपटॉपला नाही. सर्व्हर समोर नसला की लॅपटॉप मागच्या वेळच्या लॉगिनची खूण जपून ठेवतो आणि तिच्याशीच ताडून बघतो. तुम्ही नवा टाकलात तर त्याच्या दृष्टीने तो चुकीचाच. जुना आठवला हे नशीब, नाहीतर लॅपटॉप बॅगेत घालून पुणे गाठावं लागलं असतं. आता असं करा: जुन्याने आत जा, नव्याने व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारा खासगी बोगदा, लावा. व्हीपीएन चालू असतानाच विंडोजचं बटण आणि एल दाबून स्क्रीन लॉक करा आणि नव्या पासवर्डने उघडा. दोघांचा मेळ बसेल.

नऊचं भूत बहुतेक तुमच्या खिशात आहे. फोनमध्ये ऑफिसची मेल घेतली असेल आणि तिथे जुनाच पासवर्ड असेल. सकाळी नेट चालू केलं की फोन तो पुन्हा पुन्हा पाठवतो आणि चुकांची मर्यादा भरली की खातं बंद. हेल्पडेस्कला म्हणावं, सर्व्हरच्या लॉगमध्ये ४७४० नंबरची नोंद बघा. खातं कुठल्या मशीनमुळे लॉक झालं त्याचं नाव तिथे असतं. ते नाव मेल सर्व्हरचं निघालं तर गुन्हेगार फोनच. नुसतं रोज उघडून देणारा हेल्पडेस्क म्हणजे छत गळतंय म्हणून खाली बादली बदलणारा.

तुमचं शेवटचं वाक्य मात्र मला आवडलं नाही. आवाज ओळखून रीसेट? २०२२च्या सप्टेंबरमध्ये उबर कंपनीत घुसणाऱ्याकडे एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड होता, पण मोबाइलवर ‘परवानगी द्या’ हे दुसरं कुलूप होतं. त्याने लॉगिनचा सपाटा लावला, बिचाऱ्याचा फोन वाजत राहिला आणि शेवटी एकदा त्याने परवानगी दिली. मध्ये ‘मी आयटीतून बोलतोय’ असा व्हॉट्सॲपवर निरोपही पाठवला होता, असं घुसणाऱ्याने नंतर सांगितल्याच्या बातम्या होत्या. तिथे चोर आयटीवाला झाला. तुमच्याकडे चोराला फक्त तुम्ही व्हायचंय, आणि हेल्पडेस्कने जन्मतारीख व एम्प्लॉयी नंबर विचारले तरी ते मिळवणं अवघड नाही. हेल्पडेस्कने फोन ठेवावा आणि एचआरकडे नोंदलेल्या नंबरवर उलट फोन करावा. तुम्हाला दोन मिनिटं जास्त लागतील, लागू द्यात.

प्रश्न: मी नाशिकला एका सपोर्ट फर्ममध्ये आहे. आमच्याकडे ४० क्लायंटचे एएमसी (वार्षिक देखभालीचे करार) आहेत. सगळ्यांचे ॲडमिन पासवर्ड एका एक्सेल फाइलमध्ये आहेत आणि एका क्लायंटच्या सगळ्या मशीनला एकच पासवर्ड. फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते. गेल्या वर्षी दोन मुले सोडून गेली तरी पासवर्ड तेच. मालक म्हणतात, वेगवेगळे ठेवले तर रात्री अकराला कॉल आल्यावर कोण शोधत बसणार? — नाव छापू नये

उत्तर: तुमच्या मालकांच्या जागी मी होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२०१८ साली मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याचं काम माझ्याकडे होतं. हिशेब लिहिणारा मुलगा संध्याकाळी घरून टॅलीवर काम करायचा. त्यासाठी मी राउटरमधून रिमोट डेस्कटॉप (दुरून मशीन चालवायची विंडोजची स्वतःची सोय) बाहेर इंटरनेटवर उघडा केला. नेहमीचा पोर्ट, म्हणजे आत यायच्या दाराचा नंबर, ३३८९; तो बदलून ३३९० केला आणि फार हुशारी केली असं वाटलं. मुलगा पासवर्ड चुकवायचा, खातं लॉक व्हायचं आणि रात्री जेवताना मला फोन. चार दिवस सहन केलं. पाचव्या दिवशी चुकांची मर्यादा शून्य केली. विंडोजमध्ये तिथे शून्य म्हणजे कितीही वेळा चुका, लॉक नाही. त्याच मशीनवर माझ्या सोयीसाठी ‘सपोर्ट’ नावाचं ॲडमिन खातं होतं, पासवर्ड फर्मचं नाव आणि पुढे १२३.

भाऊबिजेच्या सकाळी फोन आला, टॅली उघडत नाही. जाऊन बघतो तर प्रत्येक फाइलच्या नावाला नवीनच शेपूट आणि डेस्कटॉपवर खंडणीची चिठ्ठी. बॅकअपची हार्ड डिस्क मी ‘सोयीसाठी’ कायम जोडूनच ठेवलेली, तिच्यातही तेच. मग लॉग उघडला. चुकीच्या लॉगिनच्या ४६२५ नंबरच्या नोंदी, रात्री-रात्री, सेकंदा-दोन सेकंदाला एक. स्क्रोल करता करता बोट दुखलं. शेवटी एक ४६२४, म्हणजे बरोबर लॉगिन. प्रकार १०, म्हणजे रिमोट डेस्कटॉपवरून. खातं ‘सपोर्ट’. हिशेबाच्या मुलाच्या खात्याला कोणी हातही लावला नव्हता. चार महिन्यांच्या पावत्या आम्ही कागदावरून पुन्हा चढवल्या. मी आणि माझा मुलगा, रोज रात्री. व्यापारी बोलला काहीच नाही, फक्त पुढच्या वर्षी एएमसी दुसऱ्याला दिला.

मर्यादा दहा जरी असती, दहा चुकांनंतर दहा मिनिटं बंद, तरी असा रात्रभरचा हल्ला जवळपास निकामी झाला असता. आता नव्या विंडोज ११मध्ये हेच आकडे आयते येतात. जाता जाता, विंडोजचं स्वतःचं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ खातं पूर्वी या नियमाने लॉकच होत नसे. ऑक्टोबर २०२२च्या अपडेटने ती सोय दिली. जुन्या मशीनवर ते खातं बंद आहे ना, बघून घ्या. आणि पोर्टचा नंबर बदलणं म्हणजे किल्ली पायपुसण्याखालून काढून कुंडीखाली ठेवणं. रिमोट डेस्कटॉप व्हीपीएनच्या आतच हवा.

तुमच्या एक्सेलकडे येतो. एका क्लायंटच्या सगळ्या मशीनला एकच पासवर्ड म्हणजे एक मशीन फुटलं की सगळं ऑफिस फुटलं. ज्यांच्याकडे ॲक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्या मशीनची खाती एका सर्व्हरवरून चालवायची सोय) आहे तिथे ‘लॅप्स’ लावा. एप्रिल २०२३पासून ते विंडोजमध्येच येतं. प्रत्येक मशीनच्या ॲडमिनचा पासवर्ड ते स्वतः बनवतं आणि ठरावीक दिवसांनी बदलतं. सांगितलं नाही तर मुदत ३० दिवस, लांबी १४ अक्षरं. रात्री अकराला कॉल आला की पोराने सर्व्हरवर त्या मशीनचं नाव टाकायचं आणि पासवर्ड वाचायचा. काम झाल्यावर मुदत संपली म्हणून खूण करता येते, मग तो पासवर्ड बदलतो. तुमच्या एक्सेलमध्ये ओळ शोधायला याहून कमी वेळ लागत नसणार, हे मालकांना घड्याळ लावून दाखवा.

लहान क्लायंटकडे सर्व्हर नसतो. तिथे कीपास या पासवर्ड कुलूपबंद ठेवायच्या प्रोग्राममध्ये दर क्लायंटची वेगळी फाइल करा आणि ज्याच्याकडे तो क्लायंट त्यालाच ती द्या. शक्य तिथे प्रत्येक पोराच्या नावाचं वेगळं खातं काढा, म्हणजे एक जण सोडून गेला की त्याचीच खाती बंद होतील आणि बाकीच्यांची झोप जाणार नाही. व्हॉट्सॲपवर फिरलेली फाइल मात्र परत येत नाही. त्यातला प्रत्येक पासवर्ड बदलायलाच हवा. ४० क्लायंट म्हणजे दिवसाला दोन धरले तरी महिनाभराचं काम. जे दोघे सोडून गेले त्यांच्याकडच्या क्लायंटपासून सुरू करा.

मालक तरीही ऐकत नसतील तर त्यांना टार्गेटची गोष्ट सांगा. अमेरिकेतली ही मोठी दुकानांची साखळी. २०१३ साली तिथून सुमारे ४ कोटी कार्डांचे नंबर गेले आणि चोर आत शिरले ते दुकानांच्या एसी-फ्रीजचं काम करणाऱ्या कंत्राटदाराच्या लॉगिनने. आपल्या धंद्यात तो एसीवाला म्हणजे तुम्ही आणि मी.

प्रश्न: लॉगिनच्या आधी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबायचा नियम आहे. सर्व्हरवर रिमोट घेऊन ते दाबले की माझ्याच लॅपटॉपचा मेनू उघडतो! — पनवेल

उत्तर: रिमोट डेस्कटॉपमध्ये डिलीटऐवजी एंड दाबा. एनीडेस्कमध्ये ते वरच्या मेनूत आहे.